पूल झाला, फेरीबोट गेली: स्काय बेटावरचा नऊ वर्षांचा टोलविरोध

16 ऑक्टोबर 1995 रोजी स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. मुख्य भूमीवरचं काइल ऑफ लोखाल्श आणि समोरच्या स्काय बेटावरचं काइलअ‍ॅकिन या दोन गावांना जोडणारा पूल वाहतुकीला खुला झाला. आणि याच दोन गावांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली फेरीबोट कायमची बंद झाली. पुलावर टोल होता, आणि तो ब्रिटनमधल्या कुठल्याही पुलापेक्षा महाग होता. त्यानंतर नऊ वर्षं बेटावरचे लोक टोल नाकारत राहिले, कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले, दोषी ठरत राहिले. 21 डिसेंबर 2004 रोजी सरकारने पूल विकत घेतला आणि टोल बंद केला.

टोलविरोधाच्या चर्चेत हे प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. लोक टोलला विरोध करतात तेव्हा 'यांना सगळं फुकट हवं' हा आरोप सगळ्यात आधी होतो. स्कायच्या लोकांना फुकट काही नको होतं. फेरीबोटीचं भाडं ते वर्षानुवर्षं भरत आले होते. बिनसलं ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि ते ठिकाण करारात होतं.

बेट, खाडी आणि बोट

स्काय हे बेट तसं मोठं, पण वस्ती विरळ. त्या काळात नऊ हजारांच्या आसपास. लहान लहान शेततुकडे, मेंढ्या, मासेमारी आणि उन्हाळ्यात येणारे पर्यटक यांवर चालणारा संसार. काइलजवळची सामुद्रधुनी जेमतेम अर्धा किलोमीटर रुंद. बोटीने पलीकडे जायला काही मिनिटं पुरत, पण उन्हाळ्यात गाड्यांच्या रांगा लागत आणि वादळवाऱ्यात खोळंबा होई. पूल हवा ही मागणी जुनीच होती, आणि ती बेटावरूनच येत होती.

ही फेरी कॅलेडोनियन मॅकब्रेन ही सरकारी मालकीची कंपनी चालवायची. लोक तिला 'कॅलमॅक' म्हणतात. स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांचं दळणवळण आजही मुख्यतः तिच्याच बोटींवर चालतं. बेटावर जायला आणखी दोन जलमार्ग होते, मालेग ते आर्माडेल आणि ग्लेनेल्ग ते काइलऱ्हिया. पण गाड्यांसाठी ते उन्हाळ्यापुरते. हिवाळ्यात गाडी घेऊन मुख्य भूमीवर जायचं तर काइलशिवाय वाट नव्हती. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा वाद याच्याभोवती फिरतो.

खासगी पैशाचा पूल

1989 साली स्कॉटलंडचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या सरकारने जाहीर केलं की स्कायचा पूल खासगी भांडवलातून बांधला जाईल. सरकार हुजूर पक्षाचं होतं आणि सार्वजनिक कामांत खासगी पैसा आणायचा हे त्यांचं ठरलेलं धोरण होतं. तीन वर्षांनी, 1992 मध्ये, या धोरणाला 'प्रायव्हेट फायनान्स इनिशिएटिव्ह' हे रीतसर नाव मिळालं. स्कायचा पूल हा त्या वाटेवरच्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी एक मानला जातो. कंत्राट मिलर-डायविडाग या समूहाला मिळालं. त्यात ब्रिटनची मिलर आणि जर्मनीची डायविडाग या बांधकाम कंपन्या होत्या, आणि अर्थपुरवठ्यात बँक ऑफ अमेरिका. पुलाचं काम 1992 मध्ये सुरू झालं.

बांधकामाबद्दल फार लिहीत नाही. काँक्रीटचा, 250 मीटरच्या मुख्य गाळ्याचा, कमानीसारखा उंच गेलेला हा पूल मधल्या आयलीन बान या छोट्या बेटाचा आधार घेत जातो. काम चांगलं झालं. पुलाच्या दर्जाबद्दल आंदोलकांची तक्रार नव्हती.

तक्रार होती ती पैशाच्या रचनेबद्दल. ती थोडी समजून घ्यायला हवी, कारण अशीच रचना पुढे जगभरच्या टोल करारांत दिसते. कंपनीला टोल किती वर्षं घेता येईल हे साध्या मुदतीने ठरलेलं नव्हतं. टोलची जमा करारात ठरलेल्या एका वर्षाच्या किमतीत मोजून एका ठरावीक रकमेपर्यंत पोचली की वसुली थांबणार, नाहीतर जास्तीत जास्त 27 वर्षं चालणार, असं सूत्र होतं. वाहतूक जास्त झाली तर टोल लवकर संपेल, कमी झाली तर लांबेल. म्हणजे वाहतूक कमी होण्याच्या धोक्याचा मोठा भाग मुदतवाढीच्या रूपाने पूल वापरणाऱ्यांकडेच आला. जोखीम घेतो म्हणून नफा घेतो, हा खासगी भांडवलाचा नेहमीचा दावा. इथे जोखमीला वरून छप्पर घातलेलं होतं.

टोलचा दर कसा ठरला? सरकारचं उत्तर वरकरणी बिनतोड होतं: लोक आज बोटीला जेवढं भाडं देतात त्याहून टोल जास्त नसेल, मग तक्रार कशाची? या युक्तिवादापाशी मी थांबतो, कारण अन्यायाचं बीज इथेच आहे. बोटीच्या भाड्यात इंधन असतं, खलाशांचे पगार असतात, बोटीची दुरुस्ती असते आणि हे सगळं रोज नव्याने लागतं. पूल एकदा बांधला की रोजचा खर्च त्या मानाने किरकोळ. सेवेचा प्रकार बदलला, खर्चाचा प्रकार बदलला, आणि दर मात्र जुन्या सेवेचाच ठेवला. पुलामुळे जी बचत होणार होती ती बेटाला मिळालीच नाही. शिवाय बोट ही जलवाहतूक होती. पूल हा ए-87 या राष्ट्रीय मार्गाचा भाग झाला. देशातल्या इतर हमरस्त्यांसाठी स्कायचा माणूस कर भरत होताच. त्याच्या दारातल्या रस्त्यासाठी मात्र त्याने वेगळे पैसे मोजायचे होते.

आणि वर बोट बंद. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात दुखरा निर्णय हाच. सरकारनेच आपल्या मालकीची फेरी काढून घेतली. दोन्ही चालू राहिली असती तर लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे निवड केली असती, आणि टोल महाग आहे की रास्त हे त्या निवडीतून आपोआप कळलं असतं. पण मग कंपनीच्या जमेचा भरवसा राहिला नसता. हिवाळ्यात दुसरी वाट नाही, बोट नाही, आणि पुलाच्या तोंडाशी नाका. अशा ठिकाणी घेतलेल्या पैशाला वापराचं शुल्क म्हणणं मला जड जातं.

दराचा अंदाज यावा म्हणून: टोल बंद होण्याच्या सुमारास साध्या मोटारीला एका खेपेचे 5 पौंड 70 पेन्स पडत, म्हणजे जाऊन-येऊन 11 पौंड 40 पेन्स. त्याच वेळी एडिनबराजवळच्या, कितीतरी पट लांब अशा फोर्थ रोड पुलावर जाण्यायेण्याचे मिळून 80 पेन्स घेत. चौदा पट फरक. मालवाहू गाड्यांचा दर आणखी चढा, आणि तो बेटावरच्या दुकानातल्या प्रत्येक वस्तूच्या किमतीत उतरायचा. जनावरांचं खाद्य, सिमेंट, पिठाचं पोतं, सगळं त्याच नाक्यावरून येणार. ज्याच्याकडे गाडी नव्हती तोही टोल भरतच होता.

टोल न देणं हा गुन्हा

स्कॉटलंडचे मंत्री मायकेल फोर्साइथ यांनी पुलाचं उद्‌घाटन केलं आणि टोल नाकारण्याला लगेच सुरुवात झाली. 'स्काय अँड काइल अगेन्स्ट टोल्स' या नावाने आंदोलन उभं राहिलं. आद्याक्षरांवरून लोक त्याला 'स्कॅट' म्हणू लागले. पद्धत साधी होती: गाडी घेऊन नाक्यावर जायचं, टोल देणार नाही असं सांगायचं, पोलिसांना नाव-पत्ता द्यायचा आणि पुढच्या कारवाईला सामोरं जायचं. नाव लपवायचं नाही, पळायचं नाही.

पैसे थकवले की वसुलीचा दिवाणी दावा होतो, असं आपण गृहीत धरतो. इथे तसं नव्हतं. 1991 च्या रस्तेविषयक कायद्यानुसार योग्य कारणाशिवाय टोल न देणं हा फौजदारी गुन्हा होता. खासगी कंपनीचं येणं वसूल करायला पोलीस, सरकारी वकील आणि फौजदारी न्यायालय अशी सगळी यंत्रणा उभी राहिली. शेतकरी, दुकानदार, आज्या-आजोबा, ज्यांच्या नावावर आयुष्यात साधा दंडही नव्हता असे लोक आरोपी झाले. खटले चालायचे डिंगवॉल इथल्या शेरिफ कोर्टात. बेटावरून तिथे जाऊन यायचं म्हणजे शंभराहून अधिक मैलांचा प्रवास, आणि कोर्टात जायलाही तोच पूल ओलांडावा लागे. नऊ वर्षांत सुमारे 500 जणांना अटक झाली आणि 130 च्या आसपास लोक दोषी ठरले. नऊ हजारांच्या बेटावर हे आकडे घराघरात पोचणारे आहेत.

या चिवटपणामागे बेटाचा इतिहास आहे असं मला वाटतं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश हायलँड्समधल्या जमीनदारांनी मेंढपाळीसाठी कुळांना हुसकावून लावलं. 1882 मध्ये याच स्कायवर, ब्रेज या भागात, चराईच्या हक्कासाठी खंड रोखून धरलेल्या कुळांनी आपल्या साथीदारांना अटक करायला आलेल्या पोलिसांशी झुंज दिली. ग्लेनडेलच्या कुळांना तुरुंगात जावं लागलं. त्या उठावामुळे 1883 मध्ये नेपियर आयोग नेमला गेला आणि 1886 मध्ये कुळांना संरक्षण देणारा क्रॉफ्टर्स कायदा आला. खंड नाकारा, खटला अंगावर घ्या आणि त्यातून कायदा बदलायला भाग पाडा, ही वाट तिथल्या पणजोबांनी चाललेली होती.

कागद कुठे आहे?

आंदोलनाची दुसरी आघाडी कागदपत्रांची होती. 'रॉबी द पिक्ट' या नावाने स्कॉटलंडभर ओळखल्या जाणाऱ्या कार्यकर्त्याने ती लावून धरली. त्याचा प्रश्न असा: टोल घेण्याचा अधिकार मुळात सरकारचा. तो कंपनीकडे हस्तांतरित झाल्याचा कायदेशीर दस्त कुठे आहे? तो रीतसर केलेला, सह्या असलेला आहे का? परवानाच सदोष असेल तर टोल मागणंच बेकायदा, आणि मग न देणं गुन्हा कसा? वेगवेगळ्या खटल्यांत, अपिलांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा मांडला गेला. न्यायालयांनी तो मान्य केला नाही. कायद्याच्या लढाईत आंदोलक हरले, हे स्पष्ट लिहायला हवं.

तरी या हरलेल्या लढाईने एक काम केलं. करार, परवाने, आर्थिक सूत्रं यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं गेलं. 1997 मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने स्काय पुलावर स्वतंत्र अहवाल काढला, आणि त्यानंतर संसदेच्या लोकलेखा समितीनेही हे प्रकरण हाताळलं. एका दूरच्या बेटावरचा नाका हा खासगी भांडवलाच्या धोरणाचाच नमुना म्हणून तपासला जाऊ लागला. सरकारला आता 'तिथले काही हट्टी लोक' एवढं म्हणून चालणार नव्हतं.

राजकारणाची सात वर्षं

1997 मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. स्कॉटलंडच्या कारभारात मंत्री झाले ब्रायन विल्सन. या माणसाचं स्कायशी जुनं नातं होतं: 1972 मध्ये 'वेस्ट हायलँड फ्री प्रेस' हे साप्ताहिक त्यांनी मित्रांसोबत याच बेटावर, काइलअ‍ॅकिनमध्ये सुरू केलं होतं. टोल जाईल अशी आशा लोकांना वाटली. मिळाली ती सवलत. नेहमी ये-जा करणाऱ्यांना तिकिटांचं पुस्तक घेतलं तर दर खूप कमी पडेल आणि फरक सरकार कंपनीला देईल, अशी ती योजना.

सवलतीने अनेक घरांना खरोखर दिलासा मिळाला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आंदोलन फोडण्याचा हा सगळ्यात जुना उपाय आहे, हेही तितकंच खरं. रोजचा प्रवासी शांत होतो, करार तसाच राहतो, कंपनीची जमा तशीच राहते आणि बिल करदात्याच्या नावावर जातं. भेटायला येणारे नातेवाईक, पर्यटक, अधूनमधून जाणारे लोक पूर्ण दरच भरत राहिले. 'स्कॅट'ने सवलतीला तोडगा मानलं नाही, आणि ते बरोबर होतं.

खरा फरक पडला तो 1999 मध्ये, एडिनबरात स्कॉटलंडची स्वतःची संसद आली तेव्हा. रस्ते-वाहतूक तिच्याकडे गेली. लंडनच्या संसदेत नऊ हजारांच्या बेटाचं वजन किती? एडिनबरात मात्र स्कायचा मतदारसंघ जिंकलेले लिबरल डेमोक्रॅट आमदार जॉन फारकर मन्रो टोलविरोध सतत लावून धरू शकले, आणि त्यांचा पक्ष सत्तेतल्या आघाडीत भागीदार होता. आधी टोलचे दर गोठवले गेले. 2003 च्या निवडणुकीनंतर मजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्या आघाडी करारात स्कायचा टोल संपवण्याचं वचन आलं. वाहतूक मंत्री निकोल स्टीफन यांच्या काळात कंपनीशी वाटाघाटी झाल्या आणि सुमारे 2 कोटी 70 लाख पौंड देऊन पूल सार्वजनिक मालकीत घेतला गेला.

हिशेब

पूल बांधायला किती लागले? मूळ अंदाज दीड कोटी पौंडांच्या आसपास होता. उशीर आणि आराखड्यातल्या बदलांमुळे तो वाढला, आणि बीबीसीच्या अंदाजाने अडीच कोटींच्या घरात गेला. टोल बंद होईपर्यंत लोकांकडून 3 कोटी 33 लाख पौंड जमा झाले होते. त्यावर सुटकेचे 2 कोटी 70 लाख. शिवाय सवलतीपोटी सरकारने कंपनीला दिलेले पैसे वेगळे. हे आकडे वेगवेगळ्या वर्षांच्या किमतीतले आहेत, व्याजाचा भाग मोठा आहे, त्यामुळे सरळ बेरीज-वजाबाकी करून निकाल लावता येत नाही, हे मान्य. तरीही खासगी पैशाने पूल बांधला म्हणून सरकारी तिजोरीचे पैसे वाचले, हा मूळ दावा या हिशेबात कुठे बसतो ते मला सापडत नाही. शेवटी तिजोरीतून पैसे गेलेच, आणि त्याआधी नऊ वर्षं बेटाने भरले ते वेगळे.

विरोधी बाजूचं एक म्हणणं गंभीरपणे घ्यायला हवं. टोल रद्द झाला म्हणजे खर्च नाहीसा झाला नाही. ग्लासगोच्या गरीब वस्तीतला, स्कायला कधीही न जाणारा माणूस आता त्या पुलाचे पैसे करातून भरतो. वापरणाऱ्याने भरावं, हे तत्त्व अधिक न्याय्य नाही का? सर्वसाधारणपणे मीही हे तत्त्व मानतो. पण ते सगळीकडे सारखं लावलं तर. ग्लासगोतल्या मोटरवेवर टोल नाही, आणि स्कायचा शेतकरी त्याचा खर्च करातून उचलतो. ज्यांची संख्या कमी, ज्यांना दुसरी वाट नाही, नेमकं त्यांच्याच दारात हे तत्त्व लागू केलं गेलं.

कोल्हापूरच्या वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. तिथेही शहरातले रस्ते खासगी कंपनीने बांधायचे आणि बदल्यात 30 वर्षं टोल घ्यायचा असा करार झाला. शहराच्या वेशीवर नाके उभे राहिले, म्हणजे गावात शिरायला टोल. प्रा. एन. डी. पाटील, कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं आंदोलनाच्या पुढे होती. ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले, आणि डिसेंबर 2015 मध्ये राज्य सरकारने टोल रद्द केल्याची घोषणा केली. कोल्हापूरची ताकद रस्त्यावर उतरलेल्या हजारोंच्या गर्दीत होती. स्कायकडे तेवढी माणसंच नव्हती, म्हणून तिथे प्रत्येकाने एकेकट्याने, स्वतःच्या नावानिशी आरोपी होणं पत्करलं. साम्य आहे ते करारात: ज्यांनी पैसे भरायचे त्यांना करार सही झाल्यानंतर कळला, आणि पर्यायी रस्त्याचा विचार त्यात नव्हता.

एखाद्या पुलाचा किंवा रस्त्याचा टोल प्रस्तावित असतानाच स्थानिकांनी विचारायचे प्रश्न स्कायने दाखवून दिले आहेत. आजची वाट चालू राहणार की बंद होणार? वसुली कधी थांबणार, आणि ते कोण, कुठल्या आकड्यावरून ठरवणार? वाहतूक अपेक्षेपेक्षा कमी झाली तर भुर्दंड कोणावर? करार मुदतीआधी सोडवायचा झाल्यास किती मोजावे लागतील? टोल न भरणाऱ्यावर कंपनी दावा करणार की पोलीस गुन्हा नोंदवणार? स्कायच्या पुलाबद्दल 1992 मध्ये सार्वजनिक चौकशी झाली होती आणि हरकती मांडल्याही गेल्या होत्या. पण तोवर कंत्राट कोणाला द्यायचं ते ठरून गेलं होतं. हरकतीला खरा अर्थ असतो तो सहीआधी.

स्कायनंतर स्कॉटलंडमधल्या बाकीच्या टोलपुलांचं समर्थन करणं सरकारला अवघड होत गेलं. एका बेटाला सूट आणि फोर्थ व टे पुलांलगतच्या फाइफ-डंडीच्या लोकांना टोल, हे कशाच्या आधारावर? क्लाइड नदीवरच्या अर्स्किन पुलाचा टोल मार्च 2006 अखेर गेला. फोर्थ आणि टे या दोन पुलांवरचा टोल कायदा करून 11 फेब्रुवारी 2008 रोजी बंद झाला, आणि त्या दिवसापासून स्कॉटलंडमध्ये एकही टोलपूल उरला नाही. डिंगवॉलच्या कोर्टात दोषी ठरलेल्या लोकांच्या शिक्षा मात्र टोल रद्द झाल्यामुळे पुसल्या गेल्या नाहीत.